किशोरवयीन मुलांचा रानातला मुक्कामी ट्रेक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेरा ते अठरा वयाची मुलं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये तंबू आणि शिधा, आणि गाडीरस्त्यापासून दूर दोन-चार रात्री. असा बेत आखणारे शिक्षक, ट्रेक-लीडर आणि पालक जे प्रश्न सतत पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, पेचाचे नंतर. एक विचार बहुतेक उत्तरांमागे आहे: मुलांच्या खांद्यावर सामानाबरोबर निर्णयही द्यायला हवेत. मात्र कोणते निर्णय त्यांचे आणि कोणते मोठ्यांचे, हे निघण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

१. कितव्या वर्षापासून मुलांना असा ट्रेक झेपतो?

साधारण तेरा-चौदा वर्षांपासून. पण जन्मतारखेपेक्षा मुलाचं वागणं बघा. घराबाहेर रात्र काढली आहे का? सांगितलेली सूचना लक्षात ठेवून पाळता येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्रास होत असेल तर तोंडाने सांगता येतं का? टाच चोळवटली तरी गप्प चालत राहणारा धट्टाकट्टा मुलगा लीडरला जास्त अवघड जातो. दमले की स्पष्ट सांगणारी किरकोळ मुलगी सांभाळायला सोपी असते. एकाच गटात तेरा आणि अठरा वर्षांची मुलं एकत्र करू नका. चालण्याचा वेग, झोप, गप्पांचे विषय, सगळंच वेगळं असतं.

२. पहिलाच ट्रेक किती दिवसांचा ठेवावा?

दोन रात्री, तीन दिवस. एक रात्र कमी पडते. पहिल्या रात्री नव्या जागेमुळे कुणाला नीट झोप लागत नाही, तंबू वाकडे लागतात, जेवण उशिरा होतं. दुसऱ्या दिवशी तीच मुलं तीच कामं निम्म्या वेळात करतात, आणि 'हे मला जमतंय' हे त्यांना तेव्हा कळतं. तो दुसरा दिवस त्यांना मिळायला हवा.

त्याआधी दोन सराव करून घ्या. एक पूर्ण भरलेली सॅक घेऊन दिवसभराची चाल, आणि एक मैदानावरची रात्र. त्या रात्री तंबू लावणं आणि स्टोव्ह पेटवणं ही कामं अंधारातही करून बघायला लावा. बूट नवे असतील तर सरावातच घालून सैल करून घ्या.

३. तयारी किती आधी सुरू करायची?

तीन-चार महिने आधी. आधी जागा आणि हंगाम ठरवा, लगेच वनखात्याच्या किंवा संबंधित यंत्रणेच्या परवानगीचं बघा, कारण अनेक संरक्षित जंगलांत गटाच्या संख्येवर आणि मुक्कामाच्या जागांवर मर्यादा असते. मग लीडर, मग पालकांची बैठक (प्रश्न १४), मग सामान. निदान एका लीडरने ती वाट त्याच हंगामात स्वतः चाललेली असावी. पावसाळ्यानंतर खळाळणारा झरा उन्हाळ्याच्या तोंडाशी कोरडा असू शकतो, आणि नकाशावर मात्र तो बारा महिने निळाच दिसतो.

महिनाभर आधी नकाशा मुलांच्या हातात द्या. मुक्काम कुठे, पाणी कुठे, चढ कुठला, हे त्यांनी शोधून तुम्हाला सांगायचं. चुकले तर का चुकलं ते समोच्च रेषांवर बोट ठेवून दाखवा. वाट आखण्यात हात असलेली मुलं चढावर 'अजून किती?' असं फार कमी वेळा विचारतात.

४. किती मुलांमागे किती मोठी माणसं हवीत?

आठ ते बारा मुलं आणि दोन ते तीन मोठी माणसं. मुलं पाचच असली तरी मोठी माणसं दोनपेक्षा कमी नकोत. कुणी जखमी झालं तर एक मोठा माणूस त्याच्यापाशी अडकतो. दुसरा नसेल तर उरलेल्या मुलांचं काय? बारा मुलं असतील तर तिसरा माणूस घ्याच, म्हणजे एकाला मदतीसाठी किंवा जखमीबरोबर खाली जावं लागलं तरी मागे दोघं राहतात.

या सगळ्यांपैकी निदान एकाकडे दवाखान्यापासून दूर असताना करायच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं. शहरातला प्रथमोपचार 'रुग्णवाहिका येईपर्यंत' इतक्यावर बेतलेला असतो. रानात मदत यायला कित्येक तास लागतात, कधी रात्र जाते. मुली असतील तर महिला लीडर हवीच.

५. तंबूंची वाटणी कशी करायची?

मुली आणि मुलगे वेगळे, आणि मोठी माणसं मुलांच्या तंबूत झोपत नाहीत. मोठ्यांचे तंबू हाकेच्या अंतरावर. कोणत्याही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड एकटं राहायचं नाही. औषध द्यायचं असेल किंवा समजूत काढायची असेल तरी दिसेल अशा जागी. हा नियम मुलांना आणि पालकांना आधीच सांगून टाका, मग तो कुणाला अविश्वासाचा वाटत नाही. तंबूत कोण कुणाबरोबर, हे मुलांना ठरवू द्या, पण यादी निघण्याआधी बघा. एकटं पडलेलं मूल त्या यादीत लगेच दिसतं.

६. दिवसाला किती किलोमीटर चालायचं?

किलोमीटर मोजू नका, तास मोजा. सपाट वाटेवरचे आठ किलोमीटर आणि आठशे मीटर चढाचे आठ किलोमीटर यांत बराच फरक पडतो.

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला हिशेब आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ८ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर १ तास ३६ मिनिटं अधिक १ तास, म्हणजे २ तास ३६ मिनिटं. पण हा वेळ सरावलेल्या, हलक्या सामानाच्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. वजन घेतलेल्या मुलांच्या गटासाठी तो दीडपट करा, म्हणजे जवळजवळ चार तास. त्यात विश्रांती, जेवण, पाणी भरणं आणि कुणाच्या तरी सुटलेल्या नाड्या धरल्या की पाच तास होतात. नवख्या गटाला एवढा दिवस भरपूर आहे.

निसरडा किंवा दगडांचा तीव्र उतार चढाइतकाच वेळ खातो, आणि घोटे मुरगळतात ते बहुतेक उतारावर, दमलेल्या पायांनी. दिवस असा आखा की मुक्कामाची जागा सूर्यास्ताच्या तीन तास आधी गाठता येईल. काही बिनसलं तर तेच तीन तास हाताशी असतात.

आणि भल्या पहाटे निघायचा हट्ट रोज धरू नका. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळ उशिराकडे सरकलेलं असतं आणि आठ ते दहा तास झोप लागते. उन्हाचा किंवा दुपारच्या वादळाचा धोका असेल तर लवकर निघा, पण मग आदल्या रात्री तंबूतले दिवेही लवकर विझले पाहिजेत.

७. सॅकचं वजन किती असावं?

मुलाच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत, आणि हा आकडा पाणी-शिधा धरून. ६० किलोच्या मुलाला १२ किलो, ४५ किलोच्या मुलीला ९ किलो. अडचण इथेच येते, कारण स्लीपिंग बॅग, कपडे आणि पाणी दोघांनाही जवळपास सारखंच लागतं. म्हणून तंबू, भांडी, इंधन असं सामाईक सामान समसमान वाटू नका. ताकदीनुसार वाटा आणि तसं मुलांना उघड सांगा. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक सॅक काट्यावर ठेवा.

जड वस्तू पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांच्या पातळीला भरायच्या. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे, वजन तिथे पेलायचं. खांदे दुखतात अशी तक्रार आली की आधी हा पट्टा बघा.

८. कपडे आणि सामान महागडं घ्यावं लागतं का?

नाही. पैसे घालायचेच तर पायात आणि झोपेत घाला, म्हणजे बूट, मोजे, स्लीपिंग बॅग आणि मॅट. बाकी बरंचसं उसनं मिळतं.

कपड्यांत सुती टाळा. भिजलेलं सुती कापड ऊब धरत नाही आणि लवकर वाळत नाही. त्याऐवजी साधे खेळाचे कृत्रिम धाग्याचे कपडे किंवा लोकर चालते. जाड एका कपड्यापेक्षा पातळ तीन थर बरे, चढावर काढता येतात आणि थांबल्यावर चढवता येतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फक्त रात्रीसाठी राखून ठेवायचा. सकाळी कालचे ओले कपडे परत अंगावर घालणं कुणालाच आवडत नाही, पण तो कोरडा जोड वाटेत भिजला तर पुढच्या रात्री काहीच उरत नाही.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतील तर 'कम्फर्ट'चा आकडा धरा, 'लिमिट'चा नको. मॅट विसरू नका. अंगाखाली दबलेली बॅग ऊब देत नाही आणि थंडी जमिनीतून येते.

९. शिधा किती न्यायचा, आणि स्वयंपाक मुलांनी करायचा का?

वजन घेऊन दिवसभर चालणाऱ्या या वयाच्या मुलाला ३,००० ते ४,००० किलोकॅलरी सहज लागतात. कोरड्या शिध्याच्या १०० ग्रॅममागे सरासरी ४०० किलोकॅलरी धरल्या तर माणशी दिवसाला ७५० ते १,००० ग्रॅम होतात. तेल, तेलबिया, सुका मेवा यांत कमी वजनात जास्त ऊर्जा असते. दुपारी चूल पेटवू नका. थोड्या थोड्या वेळाने खाता येईल असं काहीतरी प्रत्येकाच्या खिशात हवं. दुपारनंतरची चिडचिड बऱ्याचदा भुकेची असते. एका जेवणाचा शिधा जादा न्या, तो शेवटच्या दिवसापर्यंत फोडायचा नाही.

स्वयंपाक मुलांनीच करायचा. तीन-चार जणांचा एक चूलगट करा, त्यांनीच आधी ठरवायचं, मोजायचं, बांधायचं. भात कच्चा राहिला तरी जेवण होतं, आणि पुढच्या वेळी पाणी नीट घातलं जातं. पण आगीच्या बाबतीत सूट नाही. रानातल्या स्वयंपाकात उकळतं पाणी मांडीवर सांडून भाजण्याचा धोका मोठा असतो. म्हणून पेटलेल्या स्टोव्हपुढे मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं, म्हणजे भांडं कललं तर झटकन मागे होता येतं. तंबूच्या आत स्टोव्ह कधीही पेटवायचा नाही, पाऊस कितीही असो. कापड पेट घेतं, आणि कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

१०. ओढ्याचं पाणी पिता येईल का?

शुद्ध करूनच. पाणी कितीही नितळ दिसलं तरी वरच्या अंगाला काय आहे ते आपल्याला दिसत नसतं. उकळणं सगळ्यात भरवशाचं: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. ०.२ मायक्रॉनची गाळणी जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवते, विषाणू मात्र तिच्यातून जातात. शिवाय पोकळ तंतूंची गाळणी एकदा गोठली की आतून फाटते आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून थंडीत ती रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. क्लोरीन किंवा आयोडीनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या त्यावर चालतात, पण चार तास थांबावं लागतं. दोन वेगळ्या पद्धती जवळ ठेवा.

चालताना तासाला अर्धा लिटर हा बरा अंदाज, उन्हात जास्त. पण स्पर्धा लावून पाणी पाजू नका. नुसतं पाणी फार प्यायलं आणि मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं.

११. शौचाला कुठे जायचं? मुलं याच भीतीने नाव मागे घेतात.

हे निघण्याआधी वर्गात, सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात सांगा. पाणी, वाट आणि तंबू यांपासून ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं दूर जायचं. छोट्या खुरप्याने १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. कागद पिशवीत बंद करून परत आणायचा. हात साबणाने धुवायचे, ओढ्यात नाही, ओढ्यापासून दूर. खडकाळ, बर्फाळ किंवा फार वर्दळीच्या जागी पुरणं चालत नाही, तिथे मैला पिशवीतून खाली आणावा लागतो. खुरपं, कागद आणि साबणाची एक पिशवी ठरलेल्या झाडाला टांगा. पिशवी जागेवर नसेल तर कुणीतरी गेलंय, विचारावं लागत नाही.

जे मूल लाजेने दोन दिवस जात नाही आणि त्यासाठी खाणं-पिणं कमी करतं, ते तिसऱ्या दिवशी आजारी पडतं.

१२. पाळीच्या दिवसांत मुलींनी यावं का?

यावं. महिला लीडरने आधी फक्त मुलींशी एकदा बोलून घ्यावं. नव्या जागी आणि श्रमांमुळे पाळी लवकर येऊ शकते, म्हणून तारीख जवळ नसली तरी प्रत्येकीकडे सामान हवं, आणि लीडरकडे जादा. वापरलेले पॅड पुरायचे किंवा जाळायचे नाहीत. अपारदर्शक, घट्ट बंद होणाऱ्या दुहेरी पिशवीतून परत आणायचे. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर घरी दोन-तीन महिने सवय झालेली असावी. पोटदुखीची नेहमीची गोळी पालकांच्या लेखी संमतीने बरोबर असू द्या.

१३. मुलांचे मोबाईल घ्यायचे की नाही?

आमचं मत: मुलांचे मोबाईल घरी. रेंज असेल तिथे मुलं मनाने घरीच राहतात, आणि एखादी किरकोळ तक्रार तुमच्याआधी पालकांपर्यंत मोठी होऊन पोहोचते. पण हा नियम लादण्यापेक्षा बैठकीत मुलांशी बोलून करा. फोटोंसाठी गटात एक कॅमेरा ठेवा.

लीडरकडे मात्र दोन फोन, विमान मोडवर, आणि रेंज नसलेल्या भागासाठी उपग्रहावर चालणारं साधन हवं. ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सार्सॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-बचाव यंत्रणेला संकेत पाठवणारा बीकन खात्रीचा असतो, पण त्यावर संभाषण होत नाही. सॅटेलाईट मेसेंजरवर दोन्ही बाजूंनी मजकूर जातो-येतो, त्यासाठी वर्गणी भरावी लागते. काही देशांत अशी साधनं विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. आधी चौकशी करा.

१४. पालकांना काय सांगायचं आणि त्यांच्याकडून काय घ्यायचं?

खरं ते सगळं सांगा. 'काही धोका नाही' असं आश्वासन देऊ नका. कोणते धोके आहेत, ते कमी करायला काय केलंय आणि तरी काय उरतं, हे सांगा. मग सही घ्या. त्या सहीला तेव्हाच अर्थ असतो. जवळचा दवाखाना किती तासांवर आहे हा आकडा बैठकीत स्पष्ट बोला.

त्यांच्याकडून हवं ते असं: आजार, ॲलर्जी, चालू औषधं मात्रेसह, अलीकडची दुखापत, झोपेत चालणं किंवा अंथरूण ओलं होणं, मनाच्या आरोग्याविषयी काही असेल तर तेही, आणि दोन संपर्क क्रमांक. ही माहिती कुणाकुणाच्या हातात जाईल ते सांगितलं की पालक मोकळेपणाने लिहितात. खाली एका जबाबदार व्यक्तीकडे वाटेचा नकाशा, नावांची यादी आणि 'अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचावपथकाला कळवायचं' ही ठरलेली वेळ हवी.

१५. दमा, मधुमेह किंवा तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला न्यावं का?

बहुतेक वेळा हो, डॉक्टरांनी त्या वाटेची, उंचीची आणि दवाखान्यापासूनच्या अंतराची माहिती घेऊन लेखी होकार दिला असेल तर. 'फिट आहे' एवढं मोघम प्रमाणपत्र पुरत नाही. प्रत्येक आवश्यक औषधाचे दोन संच करा, एक मुलाकडे, दुसरा लीडरकडे, कारण सॅक दरीत जाऊ शकते.

दम्याचा इनहेलर सॅकच्या तळाशी नको, खिशात हवा. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं आणि उन्हातही बिघडतं, म्हणून थंडीत अंगालगत आणि उन्हात गार वेष्टनात. दिवसभराच्या श्रमांचा परिणाम रात्री दिसतो, साखर झोपेत घसरू शकते. झोपण्याआधी तपासणी, आणि साखरेची पूड कुठे आहे हे तंबूतल्या सोबत्याला माहीत हवं. तीव्र ॲलर्जीसाठी ॲड्रेनलीनचे निदान दोन डोस. ते द्यायला लीडर शिकलेला हवा. डोसनंतर मूल पूर्ण बरं वाटलं तरी त्याला खाली न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

मुलाला सोबत्यांना काय सांगायचं आहे, हे त्यालाच विचारा.

१६. थंडी-पावसात सगळ्यात जास्त कशाची काळजी घ्यायची?

हायपोथर्मियाची, म्हणजे शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याची. त्यासाठी बर्फ लागत नाही. दहा-बारा अंशांत भिजलेले कपडे, वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. मूल स्वतःहून सांगत नाही, कारण डोकंच मंदावलेलं असतं. इतरांनी बघायचं: बोलणं अडखळतं, पाय अडखळतात, हातातून वस्तू पडतात, एरवी हसरं मूल चिडकं किंवा एकदम गप्प होतं. ही चार लक्षणं प्रत्येक मुलाला पाठ असू द्या. मुलंच एकमेकांच्या सगळ्यात जवळ चालत असतात.

थांबा, आडोसा करा, ओले कपडे उतरवून कोरडे घाला, अंगाखाली मॅट टाकून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. नीट गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्या. हातपाय चोळू नका. मूल अजून थंड असताना कुडकुडणं थांबलं तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, प्रकृती बिघडल्याचं आहे. लगेच मदत मागवा.

उन्हात याच्या उलट. दमलेल्या, घामेजलेल्या मुलाला सावली, पाणी आणि मीठ-साखर पुरते. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं की तो उष्माघात समजा, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून वारा घालायला लागा आणि त्याच वेळी मदत मागवा.

१७. विजा चमकायला लागल्या तर?

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर डोंगराच्या धारेवरून, शिखरावरून, एकट्या झाडापासून आणि पाण्यापासून दूर व्हा. उथळ गुहेच्या तोंडाशी थांबू नका. गट विखरून बसवा, म्हणजे एका फटक्यात सगळे सापडणार नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. उघड्यावर कोणतीच जागा पूर्ण सुरक्षित नसते, म्हणून धार दुपारच्या आत ओलांडायची, हे आखणीतच बसवा.

१८. ओढा ओलांडायचा की नाही, हे कसं ठरवायचं?

वाहतं पाणी मुलांच्या गुडघ्याच्या वर असेल आणि जोर असेल तर ओलांडायचं नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे 'थोडंच वाढलंय' हा अंदाज फसतो. पाणी गढूळ असेल, फांद्या वाहत येत असतील किंवा आत दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर विचारही नको. थांबा. पाऊस ओसरला की लहान ओढे काही तासांत उतरतात, आणि बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्या सकाळी सगळ्यात कमी असतात.

ओलांडणं योग्य असेल तर कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते. बूट पायातच ठेवायचे. कुणालाही दोराने बांधायचं नाही, अडकलेला दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. हा निर्णय फक्त लीडरचा. इथे मुलांचं मत घ्यायचं नाही.

१९. साप चावला तर?

मुलाला खाली बसवा, चावलेला हात किंवा पाय हलू न देता फळी बांधल्यासारखा आधार द्या, अंगठी-कडं काढा, आणि कमीत कमी चालवत दवाखान्याकडे न्या. घट्ट आवळणं, चिरा देणं, विष चोखणं यांतलं काहीही करू नका. साप पकडायच्या मागे लागू नका. अंधारात टॉर्चशिवाय चालायचं नाही आणि बूट झटकून घालायचे, या दोन सवयी मुलांना लावा.

२०. मूल वाट चुकून मागे राहिलं तर?

ते होऊ नये म्हणून पुढे एक आणि सगळ्यात शेवटी एक ठरलेला माणूस. प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं आणि मोजायचं. दर तासाला वेगळ्या मुलाला पुढे चालू द्या, आणि पुढच्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायाने ठरला पाहिजे.

तरी कुणी चुकलंच, तर मुलाने एकच करायचं: जिथे कळलं तिथे थांबायचं. शोधणाऱ्यांना थांबलेलं मूल सापडतं, भटकणारं सापडत नाही. गळ्यात शिट्टी हवी. आल्प्समधून रूढ झालेला संकेत असा: मिनिटात सहा वेळा शिट्टी, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन. उत्तर अमेरिकेत मदतीसाठीच तीन वाजवतात. म्हणून उत्तर कसं द्यायचं ते गटात ठरवून घ्या.

२१. उंचावर जायचं असेल तर वेगळं काय?

२,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि चांगली तब्येत त्यापासून वाचवत नाही. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा कमालीचा थकवा असेल तर वर जायचं नाही. सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र असली तरी खाली उतरवा.

२२. पहिल्याच रात्री एक मूल रडून घरी जायचं म्हणालं तर?

अंधारात निर्णय घ्यायचा नाही. 'सकाळी खाऊन झाल्यावर तू आणि मी बोलू, आणि तेव्हाही जायचं असेल तर मी व्यवस्था करेन' असं सांगा, आणि ती व्यवस्था खरोखर हाताशी ठेवा. दार उघडं आहे हे कळलेली मुलं बहुतेक राहतात. सकाळी त्याला गरजेचं काम द्या, नुसतं गुंतवून ठेवणारं नको: पाण्याचा हिशेब, नकाशा. इतरांसमोर समजूत काढू नका. सकाळीही ते ठाम असेल तर पाठवा, आणि त्यात कमीपणा नाही हे गटाला तुमच्या वागण्यातून दिसू द्या.

अंगाला कापरं, झोप-जेवण पूर्ण बंद, किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं, हे घराच्या ओढीपेक्षा वेगळं आहे. तिथे सकाळची वाट न बघता पालकांशी बोला आणि मुलाला एकटं सोडू नका.

२३. मोठी मुलं लीडरशिवाय चालू शकतात का? थोडा वेळ एकटं बसवलं तर?

सोळा-सतरा वर्षांच्या, दोन-तीन दिवस नीट चाललेल्या गटाला अर्ध्या दिवसाची वाट स्वतंत्र देता येते. ट्रेकमधला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे असं आम्हाला वाटतं. वाट सोपी, धोक्याचा ओढा किंवा कडा नसलेली. निदान चार जण. लेखी वाट-तक्ता (कुठून कुठे, किती वेळात जायचं तो कागद), भेटायची जागा आणि उशिराची मर्यादा ठरलेली. लीडर अर्धा तास मागून. त्यांनी चुकीचा फाटा घेतला तर लगेच हाक मारू नका, धोका नसेल तर त्यांना कळू द्या.

एकटं बसण्याचा प्रयोग जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या प्रेरणेने १९४१ साली वेल्समध्ये सुरू झालेल्या आउटवर्ड बाउंड संस्थेमुळे अनेकांना माहीत आहे. या वयात दोन-तीन तास पुरेत, दिवसाउजेडी, शिट्टीच्या टप्प्यात, ज्याला हवं त्यानेच. ज्याला नको त्याला कारण विचारायचं नाही.

२४. सगळी तयारी झाली आणि हवामान बिघडलं. रद्द करणं जिवावर येतं.

म्हणून रद्द करण्याचे निकष महिनाभर आधी कागदावर लिहा: किती पाऊस, कसला इशारा, कोणत्या ओढ्याची पातळी. आदल्या रात्री बारा उत्सुक चेहऱ्यांसमोर ते ठरवायला गेलात तर हो म्हणावंसं वाटणारच. दुसरी, खालची आणि सोपी वाट परवानगीसकट तयार ठेवा. वाटेतही रोज एक वेळ ठरलेली हवी, त्या वेळेपर्यंत खिंड गाठली नाही तर मागे फिरायचं. ती वेळ घोषित करण्याचं काम एका मुलाकडे द्या.

२५. आणि लीडरलाच काही झालं तर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. दुसरा लीडर असतोच (प्रश्न ४), पण तो गटाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा: प्रथमोपचाराची पेटी कोणत्या सॅकमध्ये, कोणत्या कप्प्यात. उपग्रह-साधनाचं झाकण कसं उघडतं, कोणतं बटण, किती वेळ दाबायचं, आणि ते उघड्या आकाशाखाली का धरायचं. प्रत्येक मुलाच्या हातात ते साधन एकदा द्या, बटण न दाबता. वाट-तक्त्याची एक प्रत मुलांपैकी दोघांकडे ठेवा, आणि आपण आत्ता नकाशावर कुठे आहोत हे दर विश्रांतीला त्या दोघांकडून वदवून घ्या. मदत आणायला जावं लागलंच तर एकट्याने नाही, दोघांनी, कागदावर जागा, वेळ, दुखापत आणि मागे किती जण आहेत हे लिहून. जखमीजवळ कायम कुणीतरी थांबायचं.